मावशींचा पाय

भोपाळच्या हबीबगंज स्थानकास नोव्हेंबर २०२१ पासून राणी कमलापती यांचे नाव देण्यात आले आहे. तथापि आम्ही गेल्या हिवाळ्यात तेथे उतरलो, तेव्हा आमच्या रिक्षावाल्याच्या तोंडी जुनेच नाव होते, आणि ज्यांच्याकडे जावयाचे होते त्या मावशींच्या तोंडीही तेच. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य अस्तित्वात आले, राजधानीचे ठिकाण नागपूरऐवजी भोपाळ झाले, आणि सचिवालयाच्या कपाटांबरोबर नागपूरची कित्येक मराठी नोकरदार कुटुंबेही उत्तरेकडे गेली. मावशींचे सासरे त्यांपैकीच एक. मावशी नात्याने आमच्या कोणी नव्हेत. परंतु परगावच्या देवळात आपल्या भाषेत प्रार्थना पुटपुटणारे माणूस भेटले, की नाते आपोआप जडते.

त्यांचे वय चौसष्ट. उजव्या घोट्याच्या आतील अंगास तळहाताएवढा व्रण. तीन वर्षे झाली, तो कधी थोडा भरे, कधी पुन्हा चिघळे. त्यातून पिवळसर पाणी येई व त्यास वास येई. पायाच्या नीलांतील झडपा निकामी झाल्या आहेत, असे डॉक्टरांचे निदान होते. दररोज दाबाची पट्टी बांधावी, फार वेळ उभे राहू नये, दिवसातून अनेकदा पाय छातीहून उंच ठेवून पडावे, आणि रक्तदाबाच्या गोळ्या चुकवू नयेत, असा त्यांचा सल्ला होता. पट्टी उशाशी गुंडाळलेली पडली होती. ती बांधलेली आमच्या दृष्टीस पडली नाही.

आता आमच्या हातून काय घडले, ते सांगतो. आम्ही खुर्चीत बसलो, आजारपणात धीर कसा धरावा यावर पाव घटका बोललो, संतांची दोन उदाहरणे दिली, पट्टी न बांधल्याबद्दल प्रेमाने रागेही भरलो. मावशी प्रत्येक वाक्यास “हो दादा” म्हणत होत्या. चहा झाला, आम्ही समाधानाने उठलो. आमच्या घरच्या मंडळी मात्र निरोप घेण्यास आत रेंगाळल्या, आणि तेथे दाराआड जे बोलणे झाले ते आम्हांस रस्त्यात कळले. मावशींनी दोन महिन्यांपासून रक्तदाबाच्या गोळ्या सोडल्या होत्या. रात्री झोप नव्हती. मिस्साला जाणे त्यांनी बंद केले होते, कारण एका रविवारी शेजारच्या बाकावरील बाईने नाकास पदर लावून जागा बदलली होती. आणि शेवटी त्या म्हणाल्या होत्या, “सकाळी जागच आली नाही ना वहिनी, तर सगळ्यांचंच बरं होईल.”

त्या धर्मग्रामाच्या आजाऱ्यांच्या यादीत मावशींचे नाव होते. महिन्यातून एकदा त्यांना घरी कम्युनियन मिळत होते. म्हणजे कोणी त्यांना विसरले होते असे नव्हे. सर्वांस त्यांचा पाय ठाऊक होता. त्यांची जगण्याची इच्छा ओसरत चालली आहे, हे मात्र कोणासही ठाऊक नव्हते. आम्हांसही नव्हते, आणि आम्ही तर पाव घटका त्यांच्यासमोर बसून आलो होतो.

रक्तवाहिन्यांचा विकार म्हटला की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे छातीवर हात दाबणारा पुरुष येतो. वस्तुतः या विकाराचे क्षेत्र विस्तृत आहे. हृदयाकडून शुद्ध रक्त नेणाऱ्या रोहिणी चरबीच्या थराने अरुंद झाल्या, तर त्या ज्या अवयवास पोसतात तो उपाशी राहतो. हृदय असेल तर झटका येतो, मेंदू असेल तर पक्षाघात होतो, पाय असेल तर चालताना पोटरीत गोळे येतात व विसाव्याने थांबतात. परतीच्या वाटेवरील नीलांचे दुखणे वेगळे. त्यांत रक्त वर चढते ठेवणाऱ्या लहान लहान झडपा असतात. त्या ढिल्या पडल्या की रक्त पायातच साचते, शिरा गाठाळतात, कातडी काळवंडते आणि एखाद्या क्षुल्लक ओरखड्याचा व्रण होतो. गरोदरपणात नीलांवर भार वाढतो, म्हणून वारंवार बाळंतपणे झालेल्या, आणि आयुष्यभर ओट्यापाशी उभ्या राहिलेल्या स्त्रियांत हे दुखणे विशेष आढळते. रोहिणीच्या विकारास मधुमेह, रक्तदाब व तंबाखू ही कारणे आहेत, आणि तंबाखू म्हणजे केवळ विडी नव्हे. दातांस लावण्याची मिश्रीही तंबाखूच आहे, हे आमच्या काही वडीलधाऱ्या भगिनींस कटू वाटले तरी सांगणे भाग आहे.

स्त्रियांच्या बाबतीत दोन उलट दिशांच्या चुका होतात, आणि त्या एकाच घरात होऊ शकतात. हृदयाच्या झटक्यात स्त्रीच्या छातीत कळ येतेच. परंतु तिच्याबरोबर धाप, मळमळ, पाठीत वा जबड्यात दुखणे, असह्य थकवा ही लक्षणे पुरुषांपेक्षा तिच्यात अधिक आढळतात. ती “पित्त झाले असेल” किंवा “मनाला फार लावून घेते” म्हणून बाजूस सारली जातात. म्हणजे जेथे दुखणे शरीराचे, तेथे दोष मनास दिला जातो. पुढे निदान झाले, औषधे सुरू झाली, की त्याच स्त्रीचे खरोखर खचलेले मन कोणास दिसत नाही. “एवढे मोठे दुखणे म्हटल्यावर वाईट वाटायचेच” एवढ्यावर विषय संपतो. हृदयविकाराच्या दर पाच रुग्णांपैकी जवळजवळ एकास औषधोपचाराच्या योग्यतेची विषण्णता असते, आणि स्त्रियांत तिचे प्रमाण पुरुषांहून पुष्कळच अधिक आहे. विषण्ण माणूस गोळ्या टाळतो, चालणे टाळतो, अन्नाकडे दुर्लक्ष करतो. शिवाय सततच्या ताणाने रक्तदाब, रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती व हृदयाची लय यांवरही परिणाम होतो. मन आणि रक्तवाहिनी यांचा संबंध कवींनी कल्पिला त्याहून अधिक प्रत्यक्ष आहे. जपानी डॉक्टरांनी १९९० साली हृदयाच्या एका विकाराचे वर्णन केले. मोठ्या मानसिक धक्क्यानंतर हृदयाचा डावा कप्पा फुगून तेथील कोळी लोकांच्या अष्टपाद धरण्याच्या मडक्यासारखा दिसू लागतो, म्हणून त्यास त्या मडक्याचेच नाव मिळाले. हा विकार होणाऱ्या दहांपैकी सुमारे नऊ स्त्रिया असतात, बहुतेक पाळी गेलेल्या वयाच्या.

स्टॉकहोममधील एक संशोधन आमच्या कुटुंबांनी विशेष मनावर घ्यावे असे आहे. हृदयविकारातून उठलेल्या स्त्रियांचा काही वर्षे मागोवा घेऊन तेथील संशोधकांनी २००० साली असे प्रसिद्ध केले की, ज्यांच्या संसारात पतीशी तीव्र ताण होता, त्यांस पुन्हा हृदयाचे संकट येण्याचा धोका इतरांहून जवळजवळ तिप्पट होता. नोकरीतील ताणाचा तसा परिणाम त्यांत दिसला नाही. डॉक्टर पतिराजांची नाडी पाहत नाहीत. पण पत्नीच्या हृदयाचे औषध काही अंशी त्यांच्या जिभेवर असते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

भोपाळचा आणि या विषयाचा आणखी एक संबंध आहे. तो रक्तवाहिन्यांचा नव्हे, परंतु आमच्या मते अधिक मूलगामी आहे. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. हबीबगंजचा भाग शहराच्या दुसऱ्या अंगास असल्याने तेथील अनेक घरे वाचली. मावशींना त्या पहाटेची आठवण आहे ती पळत आलेल्या माणसांची. त्यानंतर महिनोन्‌महिने लोक दवाखान्यांत येत राहिले. धाप, डोळ्यांची आग, अशक्तपणा, छातीत धडधड, अशा साऱ्या तक्रारी शरीराच्या. त्या वेळी मध्य प्रदेशातील वैद्यकीय महाविद्यालयांच्या अध्यापकवर्गात मानसोपचारतज्ज्ञच नव्हता. १९८५ च्या आरंभी बंगळूर व लखनौ येथील तज्ज्ञांनी त्या दवाखान्यांत बसून रुग्णांची पद्धतशीर विचारपूस केली, तेव्हा शेकडा सुमारे २२ जणांस मानसिक विकार असल्याचे दिसून आले. आणि त्यांत दर दहांमागे आठ स्त्रिया होत्या. विषण्णता व चिंता हेच मुख्य विकार. मग डॉ. श्रीनिवास मूर्ती आदी मंडळींनी एक व्यवहार्य मार्ग काढला. तज्ज्ञांची वाट पाहत न बसता त्या दवाखान्यांतील साध्याच डॉक्टरांस मनाच्या दुखण्याची ओळख व प्राथमिक उपचार शिकविण्यात आले.

या गोष्टीस चाळीस वर्षे उलटली. भोपाळास आज मानसोपचाराचे विभाग आहेत. स्थानकापासून जवळच, साकेतनगरात, अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था उभी आहे. तरी पायाचा व्रण दाखवावयास आलेल्या बाईस पट्टी बांधता बांधता “झोप लागते का?” असे विचारण्याचा धडा सर्वत्र गिरवला जातो, असे म्हणवत नाही. अमेरिकेच्या हृदयरोगसंघाने २००८ साली सुचविले की, हृदयविकाराच्या प्रत्येक रुग्णास दोन प्रश्न विचारावेत. गेल्या दोन आठवड्यांत नेहमीच्या गोष्टींत रस वाटेनासा झाला आहे काय? मन उदास, निराश राहते काय? यास कोणतेही यंत्र लागत नाही. हे प्रश्न सून विचारू शकते, धर्मभगिनी विचारू शकते, सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचा बंधू विचारू शकतो. उत्तर होकारार्थी आले तर तिसराही विचारावा, आणि तो विचारण्यास भिऊ नये: जगणे नकोसे वाटते काय? असे विचारल्याने कोणाच्या डोक्यात नसलेला विचार शिरत नाही. उलट एकटीने वाहिलेले ओझे खाली ठेवण्यास जागा मिळते. उत्तर “हो” आले तर मात्र त्या व्यक्तीस एकटे न सोडता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

मात्र सदिच्छा पुरेशी नसते, यास पुरावा आहे. कॅनडातील माँट्रियल येथे हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या १,३७६ रुग्णांवर एक प्रयोग झाला. त्याचा निष्कर्ष १९९७ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या रुग्णांस परिचारिका दरमहा दूरध्वनी करून मनाची अवस्था विचारीत, आणि ताण आढळला तर घरी जाऊन धीर व सल्ला देत. एकंदरीत काही लाभ दिसला नाही. स्त्रियांच्या बाबतीत तर ज्यांस अशा भेटी मिळाल्या त्यांत मृत्यू कमी न होता अधिकच झाले. हा फरक योगायोगाचाही असू शकेल, असे संशोधकांनी म्हटले आहे. तरीही हबीबगंजच्या त्या खुर्चीत बसून केलेले आमचे भाषण आठवून हे वाचताना आम्हांस ओशाळल्यासारखे झाले. भेट म्हणजे तपासणी झाली, किंवा उपदेश झाला, तर आजारी माणूस आपल्या दुखण्याबरोबर पाहुण्याचेही समाधान सांभाळू लागतो.

याच्या उलट चित्र पुन्हा स्टॉकहोमचेच. तेथे हृदयविकार झालेल्या २३७ स्त्रियांपैकी ११२ जणींस लहान लहान गटांत एकत्र आणले. एका गटात चार ते आठ जणी. वर्षभरात वीस बैठका. त्यांत आपल्या आजाराची माहिती, घरातील व कामातील ताण कसा हाताळावा, अंग सैल कसे सोडावे, आणि परस्परांशी बोलणे, एवढाच कार्यक्रम असे. सुमारे सात वर्षांनंतर, नेहमीचेच उपचार मिळालेल्या १२५ जणींपैकी २५ मृत्यू पावल्या होत्या. गटातील ११२ पैकी ८. हा निष्कर्ष २००९ सालचा. प्रयोग लहान आहे, आणि विषण्णतेवर उपचार केल्याने आयुष्य हमखास वाढते असे इतर मोठ्या प्रयोगांत सिद्ध झालेले नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु मन हलके होते, झोप येते, औषधे नियमित घेतली जातात, एवढे तर होतेच. आणि मनुष्याने केवळ आयुष्य वाढावे म्हणूनच हसावे असे थोडेच आहे! आमच्या धर्मग्रामांत महिलामंडळे आहेत, लघुसमूह आहेत. त्यांच्या बैठकीत महिन्यातून एकदा पाय दुखणाऱ्या, हृदय थकलेल्या सहा जणी आपापल्या गोष्टी बोलत बसल्या, आणि एखादी परिचारिका भगिनी त्यांच्यात असली, तर त्यास फारसा खर्च येणार नाही. एकच अट: त्या दिवशी चहा त्यांनी करावयाचा नाही.

आता थोडे आमच्या धर्माचरणाविषयी. आपले दुःख ख्रिस्ताच्या दुःखाशी जोडावे, ही आपली थोर परंपरा आहे आणि ती आम्ही मनोभावे मानतो. परंतु हे जोडणे ज्याचे त्याने करावयाचे असते. दुसऱ्याच्या, विशेषतः घरातील स्त्रीच्या, दुखण्यावर “देवाला अर्पण कर” हे वाक्य ठेवून आपण मोकळे होणे, हा त्या परंपरेचा दुरुपयोग होय. बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेल्या त्या स्त्रीची कथा आठवावी. तिने सारे धन वैद्यांपायी घालविले व गुण आला नाही, असे संत मार्क स्पष्ट लिहितो. परंपरेने वैद्य मानलेला लूक याच ठिकाणी शब्द थोडे आखडता घेतो, हे पाहून आम्हांस नेहमी गंमत वाटते. असो. तिचा स्राव तर वस्त्राला स्पर्श करताच थांबला होता. तरीही प्रभू येशू गर्दीत थांबला, तिला शोधले, तिला सारे बोलू दिले आणि सर्वांसमक्ष तिला कन्या म्हटले. तिचे शरीर बरे झाल्यावरही तिचे ऐकून घेणे उरले होते.

आजाऱ्यांच्या तैलाभ्यंगाविषयीही तोच घोटाळा आहे. फादर तेलाची कुपी घेऊन आले म्हणजे अखेर जवळ आली, असे पुष्कळांस वाटते. व्हॅटिकन परिषदेने १९६३ सालीच स्पष्ट केले आहे की, हा संस्कार केवळ मरणाच्या उंबरठ्यावर असलेल्यांसाठी नाही. दीर्घ व गंभीर आजाराने गांजलेल्या स्त्रीस तो चारचौघांत, मिस्साच्या वेळी, लूर्दमातेच्या सणास, म्हणजे ११ फेब्रुवारीस, देता येतो. आजाऱ्यांचा जागतिक दिन म्हणूनही तोच दिवस पाळला जातो.

काही गोष्टी व्यवहाराच्या. दाबाची पट्टी हा नीलांच्या व्रणावरील मुख्य उपचार खरा, परंतु रोहिणी अरुंद असताना ती बांधली तर पायास धोका होतो; म्हणून पायाची नाडी व रक्तपुरवठा डॉक्टरांनी तपासल्यावाचून शेजारणीच्या सांगण्यावरून पट्टी गुंडाळू नये. विषण्णतेवरील औषधे हृदयरोग्यांस सरसकट वर्ज्य नाहीत. त्यांपैकी एक, सर्ट्रालिन, हृदयविकाराच्या रुग्णांत सुरक्षित असल्याचे २००२ सालच्या चाचणीत दिसले. मात्र रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर अशा गोळ्यांनी रक्तस्रावाचा संभव वाढतो, यासाठी दोन्ही डॉक्टरांस एकमेकांची चिठ्ठी दाखवावी. जवळ तज्ज्ञ नसल्यास १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक आहे. ऑक्टोबर २०२२ पासून ही सरकारी सेवा विनामूल्य चालते आणि तेथे हिंदीप्रमाणे मराठीतही बोलता येते.

आणि मुख्य गोष्ट, जी कोणत्याही चिठ्ठीवर लिहिलेली नसते. डॉक्टर म्हणतात, “पाय वर ठेवा.” सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत घराचा स्वयंपाक, धुणे, नातवंडांची शाळा आणि पाणी भरणे जिच्या पायांवर उभे आहे, तिने तो पाय केव्हा वर ठेवावा? मावशींनी पट्टी बांधली नाही याचे कारण आळस नव्हता. ती नीट बांधण्यास वीस मिनिटे लागत, वाकून ती स्वतःस बांधता येत नसे, आणि सकाळच्या धावपळीत ती बांधून देण्यास कोणास सवड नव्हती. कोणास सांगावे, तर आपला पाय दुसऱ्याच्या हाती देण्याची लाज. आम्ही त्यांस रागे भरलो ते या सगळ्याची चौकशी न करता.

आम्ही त्याच संध्याकाळी परत गेलो. या वेळी आम्ही ओट्यावर मुलाजवळ बसलो आणि आमच्या घरच्या मंडळी आत मावशींजवळ. मुलास काहीच ठाऊक नव्हते. सांगितल्यावर तो बराच वेळ बोलला नाही. दुसऱ्या दिवशी रजा काढून तो आईस डॉक्टरांकडे घेऊन गेला, आणि त्यांनी रक्तदाब पाहिल्यावर त्यांस मानसोपचाराच्या विभागातही पाठविले.

गेल्या आठवड्यात सुनेचा दूरध्वनी आला. व्रण अजून भरलेला नाही. दोन बोटांएवढा उरला आहे. मनाच्या औषधाने प्रथम प्रथम तोंड कोरडे पडे, आता झोप येते. पट्टी सकाळी मुलगा बांधतो, कारण सुनेची शाळा सातची असते. देवळात उजव्या हातास, खांबाजवळ, फादरांनी एक खुर्ची व तिच्यापुढे एक बुटके स्टूल ठेवविले आहे. मावशी दोनदा जाऊन आल्या, तिसऱ्या रविवारी थंडी म्हणून गेल्या नाहीत. संध्याकाळच्या पोळ्या मात्र मुलगा व थोरला नातू करतात. त्या गोल होत नाहीत आणि कणीक फार वाया जाते, अशी मावशींची तक्रार आहे. ती त्यांनी स्वतः, दूरध्वनी हाती घेऊन, आमच्याजवळ सविस्तर केली.